पाच मागे, एक पुढे

अवसरी खुर्द
१२ जानेवारी २०२५, रविवार

अमृत,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत लिहिले तर तू पुढचं वाचायचा नाहीस, म्हणून ते खाली लिहिते. फोन तू उचलत नाहीस. आधी वाटायचं कामात असशील, मग वाटायला लागलं रेंज नसेल, आता मी काहीच वाटून घेत नाही. चाकण काही सातासमुद्रापलीकडे नाही. तरी लग्न झाल्यापासून तुला अवसरीचा रस्ता सापडलेला नाही, म्हणून पोस्टमनला पाठवतेय.

मेस बरी चालली आहे. यंदा कॉलेजात मुली जास्त आल्यात. त्यांना भाकरी पातळ लागते, मुलांना जाड, आणि दोघांनाही गरम. रविवारी माझ्याकडे मासवडी असते हे माहीत नसलेला माणूस आता कॉलेजात उरला नाही. सरलोकसुद्धा डबा घेऊन रांगेत उभे राहतात. तुझे वडील असते तर म्हणाले असते, आता तरी हाताखाली एक बाई ठेव. ठेवली नाही. माझ्या हाताखाली कोण टिकतं हे तुला ठाऊक आहे.

एक नवीन सांगते, हसू नकोस. मी फुटबॉल शिकले. मैदानातला नाही, मोबाईलमधला. श्रेया म्हणून शेवटच्या वर्षाची एक मुलगी जेवायला येते. तिनं तुझा जुना मोबाईल चार्ज करून त्यात तो गेम घालून दिला. जेवणं उरकली की तू मुलांबरोबर बाकावर बसून खेळायचास, तोच. तेव्हा मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायचे. माझे अंगठे काही तेवढे चपळ नाहीत, पण त्यात एक मॅनेजरचा प्रकार आहे, तो मला सापडला. त्यात आपण पळवापळवी करायची नाही. आपले गडी मैदानात कुठे कुठे उभे करायचे तेवढं ठरवायचं, पुढचा खेळ मोबाईल आपोआप खेळतो. हाफटाइमला एकदा मांडणी बदलायची मुभा असते. समोरचाही तसाच कुठेतरी आपल्या घरात बसून आपले गडी मांडत असतो.

हे काम मला जमतं. जन्म पंगती बसवण्यात गेला. गोलकीपर सोडून पाच जण मागे, चार मध्ये आणि एक पुढे, ही माझी मांडणी. आधी घर सांभाळायचं, मग गोलाचं बघायचं. पुढचा एकटा बिचारा चेंडूची वाट बघत ताटकळतो, पण कोणीतरी ताटकळायलाच हवं. हाफटाइमला मी काहीही बदलत नाही. पंगत बसली की पानं हलवायची नाहीत. श्रेया म्हणते, "मावशी, तुमचे गडी दमून पडतील, पण जागा सोडायचे नाहीत." मी म्हटलं, "सोडायचीच न्हाई. ज्याची त्याची जागा आसती."

हरते बऱ्याचदा, पण थोडक्यात हरते.

आता त्या दिवसाचं. तू ते मनात धरून बसला आहेस म्हणून एकदाच लिहिते. रस्सा खाली लागला होता. करपलेली पळी घासावी लागते, ती मी घासली. कल्याणीनं ती हातात घेतली होती म्हणून नाही. ती तुझ्याबरोबर पहिल्यांदाच घरी आली होती, पाहुणीला कोणी वाढायला लावतं का, म्हणून तिच्या हातून घेतली. एवढंच झालं. ती बौद्ध आहे याचा त्यात काही संबंध नव्हता. तिच्या वडिलांच्या, धम्मपालच्या दुकानातच मी मेसच्या कागदांच्या झेरॉक्स काढते, विचार कोणालाही. आणि एवढ्याशा पळीवरून तुम्ही कोर्टात जाऊन लग्न केलंत, आणि पोराच्या लग्नाचा फोटो मला लोकांच्या मोबाईलवर बघावा लागला.

तुझी गुजरातच्या कारखान्यात बदली होणार असं कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस, गावात वारं फिरत असतं. जाण्याआधी एकदा येऊन जा. एकटा आलास तरी चालेल.

आता आशीर्वाद.

आई


अवसरी खुर्द
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

अमृत,

मागच्या पत्राला उत्तर येणार नव्हतंच. तरी दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या.

पळी घासली हे मी लिहिलं. ती गॅसच्या जाळावर का धरली, असं तुझ्या मनात येईल. तर स्टील ओलं ठेवलं की त्यावर पांढरे डाग पडतात. जाळावर धरलं की चटकन वाळतं. माझी आईही तसंच करायची.

दुसरं, "एकटा आलास तरी चालेल" याचा अर्थ तिनं येऊ नये असा होत नाही. कोणी तसा काढला असेल तर तो काढणाऱ्याचा.

बाकी फुटबॉल. मला नेहमी भेटणारा एक भिडू आहे. त्याची मांडणी बघून आधी मला हसू यायचं. मागे फक्त तिघं ठेवतो, बाकीचे सगळे वर सोडलेले. म्हटलं, हा घर उघडं टाकून जत्रेला निघाला. पण हरते मीच. हाफटाइमला तो अशी काही उलथापालथ करतो की मधला मागे जातो, कडेचा मध्ये येतो आणि माझे पाचही जण आपापल्या जागेवर उभे राहून गोल होताना बघत बसतात. त्या गेममध्ये समोरच्याशी बोलता येतं. एकदा तिकडून सल्ला आला की तुमचा मागचा डावीकडचा गडी चांगला पळतो, त्याला बांधून का ठेवलंय, पुढं सोडा की. मला राग आला. माझ्या पंगतीत वाढायला येणारा हा कोण? चार दिवस ऐकलं नाही.

मग एकदा ऐकलं. त्या गड्याला मी हाफटाइमला पुढे केलं, आणि तो कडेकडेनं असा सुटला की मी भाकरी तव्यावरच विसरले. गोल झाला. मी स्वयंपाकघरात एकटीनं टाळी वाजवली आणि मग कोणी बघितलं तर नाही म्हणून दाराकडे पाहिलं. मोबाईलमधून पण टाळी आली. समोरच्यानं वाजवली, स्वतःवर गोल झाला असताना. अशी माणसं असतात.

ती मॅच शेवटी मी हरलेच. पुढच्या वेळी पुन्हा पाच मागे ठेवले. मोडलेली सवय बरी, पण ती मोडेपर्यंत जीव जातो.

तब्येतीला जप. रात्रपाळी असली की दुपारी झोप काढत जा, खेळत बसू नकोस.

आई

ता. क. तुमच्या कुकरची रिंग बदला. वाफ कडेनं जाते, म्हणून शिट्टी अर्धवट होते आणि डाळ शिजायला उशीर लागतो. गॅस उगाच जळतो.


अवसरी खुर्द
१९ फेब्रुवारी २०२५

अमृत,

आज शिवजयंती. मुलं पहाटेच शिवनेरीला गेली, मेसमध्ये सामसूम आहे. हे पत्र टाकायचं की नाही ते लिहून झाल्यावर ठरवीन.

मागचं पत्र पेटीत सोडलं, ते आत पडल्याचा आवाज आला, आणि त्याच वेळी मला कुकर आठवला. पेटीच्या फटीत हात घालून बघितला. भाकऱ्या थापून थापून पंजा एवढा रुंद झालाय की मनगटाच्या आधीच अडकला. पोस्टातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, पत्र टाकायचं आसतं, काढायचं नसतं." मी हसले आणि घरी आले.

तुमच्या घरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. तुमच्या कुकरची वाफ कडेनं जाते हे मला कसं कळलं, हा प्रश्न तुला पडलाच असेल. तुझ्या गेमच्या यादीतला तो सोपान मी आहे.

सुरुवातीला एवढंच मनात होतं की तू खेळतोस की नाही ते बघावं. खेळतोस म्हणजे धडधाकट आहेस. श्रेयानं नाव काय घालू विचारलं तेव्हा दारात भाजीवाल्या सोपानचा टेम्पो उभा होता, म्हणून सोपान. फोटो कॉलेजच्या गेटचा. गेममधून विनंती पाठवली आणि तू लगेच होकार दिलास; कॉलेजातला कोणी ज्युनिअर असेल असं वाटलं असणार तुला. मग खेळ सुरू झाला आणि मोबाईलमधून खोकला ऐकू आला. तुमच्याकडचा माईक चालू असतो, माझा बंद. गडी मांडायचे सोडून मी तुझा खोकला ऐकत बसले. छातीतला होता. तू तिथे गोलावर गोल करत होतास आणि मी इथे ज्येष्ठमधाचा विचार करत होते.

ते करणारा तू नव्हतास हे नंतर कळलं. "मधल्याला मागं घे, आन् डावीकडून दोघं सोड," असा कल्याणीचा आवाज आला. तू म्हणालास, "तूच कर, मी च्या पितो." म्हणजे सगळी मांडणी तिची. माझ्या पोराला काय डोकं आहे म्हणून मी इथे मनातल्या मनात मिरवत होते, श्रेयाकडेही फुशारकी मारली होती, आणि ते डोकं निघालं तिचं. त्या दिवशी मी मॅच अर्धी टाकून उठले. दुसऱ्या दिवशी तुमच्या वेळेला पुन्हा मोबाईल घेऊन बसले.

आवाज बंद करायचं बटण असतं. श्रेयानं ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. आमच्या आळीत पूर्वी एक बाई शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावून बसायची. तिला आम्ही सगळ्यांनी मिळून काय काय नावं ठेवली ती मला अजून पाठ आहेत. आता ती सगळी मलाच लागू होतात. गुजरातचं मला असंच कळलं, गावात वारं वगैरे काही फिरत नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे ती रोज विचारते, "सोपान भाऊ, जेवलात का?" तिला वाटतं कोणीतरी घरापासून लांब राहणारा मुलगा आहे, बोलायला लाजतो, किंवा त्याचा माईक बिघडलाय. मी अंगठा दाबते. या गेममध्ये न बोलता पाठवायच्या चार खुणा असतात, त्यातला वर केलेला अंगठा. जेवले, असं. मेसवालीला कोणी जेवलीस का असं विचारत नाही रे. सगळ्यांना वाटतं ती येता-जाता खातच असेल. बऱ्याचदा मी जेवलेली नसते, तरी अंगठा दाबते, आणि मग खरंच उठून दोन घास खाते.

माझं पहिलं पत्र आलं तेव्हाही मी तिथेच होते. तू म्हणालास, "ठेव तिकडं, आईचं हाय." ती म्हणाली, "वाचू तरी. एवढं हातानं लिवलंय." आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. लिहिताना मला ते ठणठणीत वाटलं होतं. ती वाचत होती तेव्हा एकेक वाक्य नासक्या दुधासारखं फाटत गेलं.

तू म्हणालास, "घासली ते लिवलंय. जाळावर धरली ते न्हाई लिवलं."

तिनं कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आसंल करपली."

"करपली? मी आधी खाल्ला व्हता त्योच रस्सा. कुठं करपला व्हता?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मला काय वास येत न्हाई व्हय? पर तिनं तसं लिवलंय, तर लिवू दे. लाज वाटल्याबिगर मानूस खोटं कारन शोधत न्हाई."

मग म्हणाली, "सोपान भाऊ ऐकत आसतील, पुरं आता."

सोपान भाऊ ऐकत होते. कानाची पाळी तापली होती, तरी मोबाईल कानापासून लांब केला नव्हता. आणि एवढं ऐकूनही दुसऱ्या पत्रात मी तुला स्टीलवरच्या डागांची गोष्ट लिहिली. माझी आई तसं करायची हे मात्र खरं आहे. कशासाठी करायची ते मी लिहिलं नाही.

लिहून झालं. टाकत नाही. टाकलं तर तू सोपानला काढून टाकशील, आणि मग मला तुझा खोकलाही ऐकू येणार नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

आई


अवसरी खुर्द
११ मार्च २०२५, मंगळवार

कल्याणी,

तुला काय लिहून सुरुवात करावी ते मला कळत नाही. "चि. सौ." लिहिण्याइतका हक्क मी कमावलेला नाही, आणि नुसतं नाव लिहिलं तर ते हाक मारून कामाला लावल्यासारखं दिसतं. तरी नुसतंच लिहिते. सोबत अमृतला लिहिलेलं आणि न टाकलेलं एक पत्र आहे, आधी ते वाच. मग पुढचं वाच किंवा नको वाचूस.

ते वाचलं असशील तर परवाच्या रविवारी काय झालं हे तुला माझ्याकडून नव्यानं कळायची गरज नाही. पण ते माझ्या बाजूनं कसं झालं ते सांगायला हवं.

तुमचं सामान बांधणं चाललं होतं. खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. हाफटाइम झाला होता, माझे गडी नेहमीप्रमाणे पाच मागे, आणि पुढचं तुमचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं. तू म्हणालीस, "जाऊन ये एकदा. मी न्हाई येत, तू जा." तो म्हणाला, "गेलो तर म्हनंल, एकटा आलास ते बरं झालं." "म्हनू दे. तुजी आई हाय." "तू कशाला तिची बाजू घेती?" "बाजू न्हाई घेत. न भेटता गेलास तर तिकडं जाऊन निस्ता कूस बदलत पडशील, आन् माजीबी झोप जाईल. माज्या झोपंसाठी जा."

मग तू हसून म्हणालीस, "सोपान भाऊंना इचारू. त्यांचं कुनाशी वाकडं न्हाई. सोपान भाऊ, यानं आईला भेटायला जावं का? जावं तर अंगठा वर, न्हाई तर खाली."

माझ्याकडे आणखी खुणा होत्या. हसरा चेहरा होता, चेंडूचं चित्र होतं. काहीच न दाबता गप्प बसता आलं असतं. सोपानचं गप्प बसणं कोणाला नवीन नव्हतं. मोबाईल बंदही करता आला असता. मी अंगठा वर केला. फार विचार करून केला असं लिहिणार होते, पण विचार केला नाही. ताटात पडलेलं उचलावं तसा केला.

अमृत म्हणाला, "बग, सोपान भाऊबी तुज्याच बाजूचं." आणि ठरलं की येत्या रविवारी तो इकडे येणार. दुसऱ्या हाफमध्ये काय झालं ते मी बघितलं नाही.

दुपारभर मी हवेत होते. मासवडीचं सारण करायला खोबरं-तीळ बाहेर काढले, रविवार अजून आठवडाभर लांब असताना. श्रेया आली, तिनं विचारलं, "मावशी, आज एवढी खुशी?" म्हटलं, "पोरगा येतोय." ती म्हणाली, "अरे वा, कसा काय तयार झाला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सुनेनं समजूत घातली."

सून हा शब्द मी तुझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला, आणि तोही स्वतःचं लपवायला. बोलले ते खरंच होतं. तू समजूत घातलीस आणि मी मागून ढकललं, तेही दुसऱ्याचं नाव घेऊन. श्रेया गेल्यावर मी तीळ परत डब्यात भरले.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. तुमच्या कुकरच्या कडेनं वाफ जाण्याचा आवाज बंद झालाय. शिट्टी आता स्वच्छ येते, म्हणजे रिंग बदलली आहे, म्हणजे दुसरं पत्रही तू वाचलंस. जी हाफटाइमला माझी मांडणी एका नजरेत ओळखते तिला कुकरचं कोडं सुटलं नसेल असं मला वाटत नाही. मग तू सोपान भाऊंना विचारलंस ते कोणाला विचारलंस? ठाऊक असून विचारलं असशील तर तू मला एक संधी दिलीस, आणि मी तिचं हे असं केलं. ठाऊक नसेल तर मी तुला फसवलं. दोन्हीकडून मी वाईटच दिसते, त्यामुळे कोणतं खरं ते मी विचारत नाही.

पळीचं सांगते. रस्सा करपला नव्हता. मासवडीचा रस्सा माझ्या हातून कधी करपत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मला माझ्याच नावाला बट्टा लावणारी थाप मारावी लागली, एवढं दुसरं कारण लाजिरवाणं होतं. त्या दिवशी गर्दी होती, मी तुला मुलींच्या बाकावर बसवलं होतं, आणि मला एकटीला पळताना बघून तू आपणहून उठून वाढायला लागलीस. रविवारची ती रांग तू किती शिस्तीत हलवलीस ते मी बघितलं होतं. तरी मी पळी काढून घेतली. पाहुणी म्हणून बस म्हणाले. मग मोरीत राखेनं घासली आणि जाळावर धरली. अमृत दारात उभा होता. तो दिसल्यावर मी खाली ठेवली नाही, धरून राहिले, कारण मध्येच खाली ठेवली असती तर काय करत होते ते कबूल केल्यासारखं झालं असतं.

गेले काही दिवस मी स्वतःला असं समजावत होते की माझी खोडच ही. माणूस एकदा एका जागी बसवला की मला तो तिथून उठलेला चालत नाही, मग तो मैदानातला गडी असो की पंगतीतला. ऐकायला बरं वाटतं. पण श्रेया रोज उठून वाढते, मला न विचारता. तिच्या हातातली पळी मी कधी जाळावर धरलेली नाही.

आता जे लिहिते ते अमृतला आवडणार नाही. तू उद्या या स्वयंपाकघरात आलीस आणि पळी उचललीस, तर माझा हात पुढे येणार नाही असं मला लिहायचं होतं. तीनदा लिहून खोडलं. तुझ्या मांडणीनं खेळून बघितलं तेव्हा मी एका मॅचपुरती बदलले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाच मागे नेऊन ठेवले, हे तू बघितलंयस. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. तो आवरायचा प्रयत्न करीन, पण आवरला जाईलच असं तुला लिहून देणं ही आणखी एक थाप होईल.

म्हणून तू माझ्या वतीनं त्याला पाठवू नकोस. तू ज्या आईकडे त्याला पाठवते आहेस ती अंगठा वर करणाऱ्या सोपानसारखी गरीब, गप्प बसणारी बाई आहे असं तुला वाटत असेल, तर ती मी नाही. मी भिंतीला कान लावणारी आहे, थापा मारणारी आहे, आणि तुझं डोकं आपल्या पोराचं समजून मिरवणारी आहे. येणाऱ्यानं हे सगळं माहीत असून यावं. हे पत्र तू त्यालाही वाचायला दे. तू मोठ्यानं वाचतेस तसं वाचलंस तरी चालेल. मी ऐकत नसेन. सोपान मी काल काढून टाकला. श्रेयाला म्हटलं, काढून टाक, कंटाळा आला. तिनं विचारलं, नवीन नाव घालू का? म्हटलं, सध्या काही नको.

तुझ्या वडिलांच्या दुकानात सकाळी गेले होते, तुमच्या खोलीचा पूर्ण पत्ता नीट लिहून घ्यायला. आधीच्या पत्रांवर मी अर्धवटच टाकायचे, पोचलं तर पोचलं म्हणून. धम्मपालांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला आणि विचारलं, "काही अडचन हाय का?" मी न्हाई म्हटलं. ते मला ताई म्हणतात. मी त्यांना आजवर काहीच म्हणत नव्हते, फक्त 'झेरॉक्स काढा' म्हणायचे.

उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नकोस. हे पत्र साध्या पेटीत न टाकता मंचरला जाऊन स्पीड पोस्टानं पाठवतेय. धुळवडीची सुट्टी मध्ये आली तरी शनिवारपर्यंत मिळेल असं तिथल्या माणसानं सांगितलं आहे. रविवारी मी मेस नेहमीसारखी उघडीन. कोणी आलं नाही, तर पत्र वेळेत पोचलं असं समजेन.

सोनीबाई